चवीतली शिल्लक

कोवळी रेड वाइन चाखण्यात सुख फारसं नसतं. फेब्रुवारीत तोडलेल्या द्राक्षांची वाइन एप्रिलच्या सुरुवातीला ग्लासात येते तेव्हा ती गर्द जांभळी, गढूळ आणि हट्टी असते. यीस्टचा वास नाकात बसतो, हिरड्या आवळतात, दात निळे पडतात. असे वीस-पंचवीस नमुने ओळीनं तोंडात घ्यायचे, घोळवायचे, थुंकायचे आणि प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहायच्या: ही आज कशी आहे, आणि पुढे हिचं काय होईल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर थोड्या सरावानं देता येतं. दुसऱ्या प्रश्नापायी माझी पलूसमधली पंधराएक वर्षं गेली. मी जे काही शिकले ते बहुतेक त्याच्याबद्दलच आहे.

मी कराडची. रसायनशास्त्राची पदवी घेतली तेव्हा आमच्या वर्गातली निम्मी मुलं साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांकडे डोळे लावून होती. त्याच सुमारास राज्याचं द्राक्ष-प्रक्रिया उद्योग धोरण आलं, २००१ साली. एमआयडीसीनं नाशिककडे विंचूरला आणि आमच्याकडे पलूसला वाइन पार्क काढले. पलूसच्या पार्काचं नाव कृष्णा व्हॅली. पार्कातल्या एका कारखान्याला प्रयोगशाळेत माणूस हवा होता, मी गेले. घरात माळकरी मंडळी. आजीनं एवढंच विचारलं, ‘दारूच्या कारखान्यात?’ वडील तेव्हापासून लोकांना ‘द्राक्षाच्या कारखान्यात’ असं सांगू लागले. मला सांगून आलेल्या स्थळांनाही त्यांनी तेच सांगितलं.

सुरुवातीला माझं काम आकड्यांचं होतं. साखर, आम्लता, पीएच, अल्कोहोल, सल्फर डायऑक्साइड. टायट्रेशन करायचं, वहीत लिहायचं. आकडे बरोबर आले की काम बरोबर झालं असं वाटायचं. कारखान्यानं हंगामापुरते एक परदेशी सल्लागार बोलावले होते. पहाटे ते मला खटाव तालुक्यातल्या एका बागेत घेऊन गेले आणि शिराजचा एक मणी तोंडात टाकायला सांगितला. आधी गर जिभेनं वेगळा करायचा, गोडी आणि आंबटपणा पाहायचा. मग साल एकटीच चावायची, रंग सुटतो का, तुरटपणा बारीक आहे की खरखरीत, ते बघायचं. शेवटी बी फोडायची. हिरवट बी कडू लागते आणि दाताला चिकटते. पिकलेली बी तपकिरी असते आणि कडकन फुटते. त्या सकाळी रिफ्रॅक्टोमीटर साखर २४ ब्रिक्स दाखवत होता, म्हणजे आकड्यांच्या हिशेबानं माल उतरायला हवा होता. बिया मात्र अजून हिरव्या होत्या.

आमच्याकडच्या रेड वाइनची निम्मी कथा यातच आहे. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पाऊस ओसरताना फळछाटणी. फळ पिकतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन दिवसागणिक चढत असताना. युरोपात शेवटचे आठवडे थंड होत जातात, इथे तापत जातात. साखर धावते, आम्ल गळतं, आणि बी-साल मागं राहतात. लवकर तोडावं तर तुरटपणा देणारं टॅनिन कच्चं. थांबावं तर साखर वाढून अल्कोहोल चौदाच्या वर जातं आणि फळाला मनुक्याची चव येते. दोन्हीच्या मधले दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. वाइन किती टिकेल याचा निकाल पुष्कळदा त्या दिवसांतच लागलेला असतो. मी टाकीशी बसून चाखते तेव्हा तो फक्त वाचते.

आमच्या भागातला बागायतदार कच्चा नाही. तासगावजवळच्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसच्या वेलींतून वेगळी काडी हेरली आणि त्यातून तास-ए-गणेश ही जात उभी राहिली. एवढी तयार नजर या मातीत आहे. पण ती नजर लांब मण्यावर, पातळ सालीवर, भरगच्च घडावर घडलेली आहे. रेड वाइनला बारीक मणी, जाड साल आणि कमी माल लागतो. खायच्या द्राक्षाचे एकरी दहा-बारा टन काढणाऱ्याला चार-पाच टनांवर थांबा म्हणणं म्हणजे त्याच्या हुशारीवरच शंका घेतल्यासारखं. एका बागायतदारानं मला मोठ्या कौतुकानं कॅबरनेचा असा घड दाखवला की मला दोन हातांनी धरावा लागला. वाइनसाठी तो घड म्हणजे बरंचसं पाणी होतं. त्याला ते कसं सांगायचं हे कुठल्या प्रयोगशाळेत शिकवत नाहीत. मी त्याच्याच बागेतल्या दोन ओळी घड विरळून वेगळ्या ठेवायला सांगितल्या, त्यांची वाइन वेगळी केली, आणि पावसाळ्यानंतर दोन ग्लास त्याच्यापुढे ठेवले. तो माळकरी नव्हता, त्यानं चाखली. पुढच्या वर्षी त्यानं आपण होऊन घड विरळले आणि दर किलोला किती वाढवून देणार ते आधी विचारलं. मला ते रास्त वाटलं. कमी मालाचा तोटा त्यानं एकट्यानं का सोसावा?

दर ठरवायचा प्रश्न चाखण्याच्या कामाला असा सतत चिकटलेला असतो. काही वर्षं ब्रिक्सवर जादा दर दिला जाई. लगेच लोक तोडणीआधी पाणी तोडून वेली सुकवू लागले. ब्रिक्स चढला, वाइनमध्ये फळाचा ताजेपणा उरला नाही. मग आम्ही दरात सालीची आणि बीची चव धरू लागलो. त्यासाठी बागेत जाऊन मणी चावणारा माणूस लागतो, आणि त्याच्यावर बागायतदाराचा विश्वास लागतो. तो विश्वास बसायला मला तीन-चार हंगाम लागले.

बागा फिरताना जमिनीचा फरक तोंडात कळायला लागला. कृष्णाकाठच्या काळ्या रानात वेल माजते, पानं गच्च, घड सावलीत. तिथली रेड रंगाला बरी दिसली तरी घोट मध्येच पोकळ पडतो आणि तिच्या वासात हिरव्या मिरचीची छटा येते. खटाव-माणच्या मुरमाड रानात पाणी बेताचं, रात्री गार, मणी बारीक. तिथली वाइन सुरुवातीला कडक लागते, पण घोट पोकळ पडत नाही. वेलीचं कलम ज्यावर करतात त्या खुंटाचाही भाग असतो. आपल्याकडे बहुतेक बागा डॉगरिज खुंटावर उभ्या आहेत. तो खुंट दुष्काळ आणि खारं पाणी सोसतो, पण जमिनीतलं पोटॅशियम भरपूर ओढतो, आणि त्यानं वाइनचा पीएच चढतो.

पीएचचा आकडा बाहेरच्याला कंटाळवाणा वाटेल, पण टिकण्याचा हिशेब तिथे सुरू होतो. वाइन जंतूंपासून आणि हवेपासून वाचते ती मुख्यतः सल्फर डायऑक्साइडमुळे, आणि त्याची ताकद पीएचवर ठरते. पीएच ३.४ असेल तर लिटरमागे तीसेक मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइड जे काम करतं, त्याच कामाला ३.८ वर ऐंशीच्या आसपास लागतं. एवढं घातलं तर नाकाला झोंबतं. म्हणून आम्ही आंबवण्याआधीच रसात टार्टरिक आम्ल घालतो. तरीही कागदावर ३.८ दिसलं की चव कितीही मऊ, गोड वाटो, मी ‘लवकर विका’ असं लिहिते. किंबहुना चव इतक्या लवकर मऊ वाटते म्हणूनच मी जपून राहते.

चाखायचं कधी, हेही शिकावं लागलं. दाबून काढल्यावर लगेच चाखलेल्या वाइनवर मत देऊ नये. तिच्यात वायू असतो, तो तुरटपणा आणखी टोचरा करतो. त्यानंतर मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल होतं. आमच्या उबदार टाक्यांत हे चटकन उरकतं, आणि वाइनचा स्वभाव आठवड्यात बदलतो. खरं पहिलं चाखणं त्यानंतर गाळ काढून झाल्यावर. दुसरं पावसाळ्यात, तिसरं थंडी पडल्यावर. दिवसाची वेळ सकाळी दहा-अकराची, पोट अर्धं रिकामं असताना. हंगामात मी सकाळची मिसळ आणि कांदा-लसूण चटणी सोडली, आणि आमच्या भागात हा लहान त्याग नाही. दोन नमुन्यांमध्ये पाणी आणि मीठ न घातलेल्या भाकरीचा तुकडा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकतं, त्यामुळे पाचवा नमुना पहिल्यापेक्षा अधिक तुरट भासतो, मग तो तसा असो वा नसो. हे माहीत नसलेला माणूस ओळीतल्या शेवटच्या वाइनवर हमखास अन्याय करतो.

दोषांची दोन घराणी आहेत, हे कळलं तेव्हा माझं काम पुष्कळ सोपं झालं. काही दोष जाणारे असतात. शिराजला कोवळेपणी सडक्या अंड्यासारखा वास येतो. यीस्टला नायट्रोजन कमी पडला की हे होतं. वेळीच हवा दाखवली, टाकी बदलली की बहुधा जातो. जिभेवरचा कडकपणा, ओकच्या पिंपाचा नुसता लाकडी वास, हेही काळाबरोबर बसतात. काही दोष वाढणारे असतात. व्हिनेगरची किंवा नेलपॉलिशची झाक, ब्रेटॅनोमायसिस यीस्टचा तबेल्यासारखा वास, फळाचा शिजलेला गोडसरपणा. हे आज ओझरते जाणवले तरी वर्षानं वाइनवर बसतात. नवशिका जाणाऱ्या दोषाला घाबरतो आणि वाढणाऱ्याला माफ करतो, कारण पहिला नाकावर येतो आणि दुसरा सुरुवातीला कधीकधी छानसुद्धा वाटतो. आमच्याकडे हे सगळ्यात आधी ओळखायचा तो टाक्या धुणारा एक कामगार. पिंपाचं बूच काढलं की तो मान मागे घ्यायचा किंवा घ्यायचा नाही. तो कधी कुठल्या कागदावर सही करत नसे, पण त्याची मान हलली की मी तो नमुना प्रयोगशाळेत पाठवायची.

त्याला आम्ही चाखायच्या टेबलाशी बसवायला लागलो तेव्हा दुसरीच अडचण उभी राहिली. आपल्याकडे साहेब आधी बोलतो. साहेब ‘मस्त’ म्हणाले की टेबलाभोवती सगळ्यांनाच ती मस्त लागते. मी नियम केला: आधी प्रत्येकानं लिहायचं, कागद उलटा ठेवायचा, मग बोलायचं. लिहिता न येणाऱ्यानं खडे मांडायचे. साहेबांना पहिल्यांदा ते रुचलं नाही. पुढे त्यांच्याच लक्षात आलं की कागद उलटल्यावर दिसणारी मतं बोललेल्या मतांपेक्षा उपयोगाची असतात. मग ग्लास झाकायला, क्रम बदलायला, तीन ग्लासांत दोन एकच आणि एक निराळी ठेवून वेगळी ओळखायला लावायला सुरुवात केली. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये चव नसलेला लाल रंग मिसळून वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना दिली होती. त्यांनी तिच्या वासाचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या नाकांची ही गत, तर आपण सावध राहिलेलं बरं. गर्द रंग पाहिला की ‘टिकेल’ म्हणायचा मोह आजही होतो. म्हणून पहिली फेरी मी काळ्या कागदात गुंडाळलेल्या ग्लासांतून घेते.

वाइन टिकते कशी, हे पुस्तकात वाचलेलं मला मंदीनं शिकवलं. २००८ साली जगात मंदी आली, वर्षअखेर मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वाइन उठेना. टाक्या भरलेल्या, पुढचा हंगाम दाराशी. बागायतदारांनी वाइनच्या वेली उपटल्या. कुणी बेदाण्याकडे वळला, कुणी त्याच खुंटावर खायच्या जातीची कलमं केली. पार्कात जेवढे कारखाने येतील असं वाटलं होतं तेवढे आले नाहीत. आमचे पगार रखडले. शिवाय भारनियमन होतं. वीज गेली की टाक्यांचं कूलिंग बंद, आणि डिझेल जाळायला पैसे नाहीत. त्या दोन-तीन उन्हाळ्यांत जी वाइन कुणी मुद्दाम राखून ठेवली नसती ती नाइलाजानं राहिली. सगळ्यांच्या दृष्टीनं ते नुकसानच होतं. मला मात्र माझ्या जुन्या वह्या तपासून पाहायला मिळाल्या.

ज्या वाइनला कोवळेपणी आम्ही सगळ्यांनी भरभरून गुण दिले होते, त्यातल्या बऱ्याच पहिल्याच उन्हाळ्यात विझल्या. त्यांची कड विटकरी झाली, वास सुक्या खजुराचा. ते अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते पुढचं. ‘फार तुरट, टिकेल’ असं मी लिहिलेल्या वाइनपैकीही अनेक फुकट गेल्या. तुरटपणा तसाच राहिला, फळ निघून गेलं. कोरडा, लाकडी घोट उरला. टिकल्या त्या थोड्याच. वही उलटून पाहिलं तर त्यांच्यापुढे कुठलाच मोठा शब्द नव्हता. आम्ल नीट, तुरटपणा बारीक, मधला घोट भरलेला, वास स्वच्छ पण मिटलेला. चारही गोष्टी हजर, एकही ओरडत नव्हती.

वाइन जुनी होते म्हणजे तिच्याजवळचं हळूहळू खर्च होतं. थोडी थोडी हवा लागून रंग आणि टॅनिन एकमेकांशी जुळतात, तुरटपणाची धार जाते, फळाचा ताजा वास जाऊन दुसरे वास येतात. म्हणून कोवळ्या वाइनमध्ये शिल्लक पाहायची असते. शिल्लक एकाच खात्यात असून भागत नाही. टॅनिन भरपूर आणि फळ तुटपुंजं असेल तर शेवटी टॅनिनच हातात राहतं. तेव्हापासून मी ‘तुरट, म्हणून टिकेल’ हे वाक्य लिहिलेलं नाही.

शिल्लक मोजायची एक साधी रीत मी वापरते. अर्धी बाटली ओतून घ्यायची, बूच लावून उरलेली तशीच ठेवायची आणि रोज सकाळी एक घोट घ्यायचा. दुसऱ्या दिवशी जी उघडते आणि तिसऱ्या दिवशीही उभी असते, तिच्यात काही आहे. दुसऱ्याच दिवशी जी सपाट होते, ती याच हंगामात विकावी. शास्त्रज्ञ या परीक्षेला हसतात. तीन दिवसांची हवा आणि तीन वर्षांची बाटली एक नव्हे, हे मला कबूल आहे. पण पीएच, बी, मधला घोट आणि ही अर्धी बाटली, चौघांचं एकमत झालं की सहसा दगा होत नाही.

भाकितांबद्दल फार खात्रीनं बोलू नये, हा धडा जगानंही घेतलेला आहे. १९७६ साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी घेतलेल्या झाकल्या चाचणीत फ्रेंच परीक्षकांनी कॅलिफोर्नियाच्या रेडला पहिला नंबर दिला. लगेच आक्षेप निघाला: त्या वाइन कोवळेपणीच गोड, पुढे फ्रेंचच टिकतील. २००६ साली त्याच रेड वाइन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या निघाल्या, आणि सर्वांत वर रिज मोंटे बेलो १९७१, जी १९७६ मध्ये पाचवी होती. उबदार प्रदेशातली वाइन टिकतच नाही, असं मला कुणी सुनावलं की मी ही गोष्ट सांगते. आणि आपलीही नक्की टिकेल असं कुणी म्हणालं, तर त्याला आमच्या मंदीतल्या टाक्या सांगते.

टिकण्याचा खरा शत्रू कुठे बसला आहे, हे मला मिरजेत कळलं. तिथल्या एका दुकानातून मी आमचीच बाटली विकत घेतली, मे महिन्यात. फळीवर उभी, वर पंखा, बाहेर चाळीस अंश. त्याच लॉटची बाटली आमच्या गार खोलीत आडवी होती. दोन्ही झाकून टेबलावर ठेवल्या. सगळ्यांनी दुकानातली तीन-चार वर्षं जुनी ठरवली. एकाच दिवशी भरलेल्या होत्या! उष्णता दहा अंशांनी वाढली की रासायनिक क्रिया ढोबळमानानं दुप्पट वेगानं होते, हे मी बारावीला पाठ केलं होतं. तेव्हापासून माझा प्रश्नच बदलला. ही वाइन गार तळघरात किती टिकेल हे बोर्दोवाल्यांनी पाहावं. मला पाहायचं असतं ती सांगलीतल्या दुकानाच्या फळीवर एक उन्हाळा काढेल का. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय सरकारनं जाहीर केला तेव्हा सगळीकडे नीतीची चर्चा झाली. माझ्या मनात पहिल्यांदा त्या फळीचं तापमान आलं.

माझे मामा तासगावला बेदाण्याच्या सौद्यांना जायचे. पेटी फोडली की रंग बघायचे, मूठभर दाणे दाबायचे, एक चावायचे आणि हा माल कोल्ड स्टोअरेजमध्ये दिवाळीपर्यंत हिरवा राहील की पिवळा पडेल ते ठरवायचे. मी त्यांना एकदा विचारलं, कसं कळतं? ते म्हणाले, कळत नाही, बोली लावतो आणि पुढच्या वर्षी लक्षात ठेवतो. इतकं साधं उत्तर मला कुठल्या सल्लागारानं दिलं नाही. आमच्या धंद्यात लक्षात ठेवणारे कमी आहेत. कोवळ्या वाइनवर मत सगळे देतात, तीन वर्षांनी तीच बाटली उघडून आपलं मत तपासणारे फार थोडे.

म्हणून नव्या मुलामुलींना मी सर्वांत आधी वही देते. दरवर्षी प्रत्येक लॉटच्या काही बाटल्या राखून ठेवायच्या, ठरल्या महिन्यात उघडायच्या, पूर्वीचं मत आधी न वाचता नवं लिहायचं आणि मग दोन्ही पानं शेजारी धरायची. आवडलं-नावडलं वेगळ्या रकान्यात. मला स्वतःला खटावकडची कडक शिराज आवडते, आणि म्हणूनच तिला गुण देताना मी दुसऱ्या कुणाचा तरी कागद आधी पाहते.

आता प्रत्येक लॉटच्या कागदावर दोन तारखा असतात: केव्हापासून प्यावी आणि केव्हापर्यंत. आमच्या बहुतेक रेडसाठी दुसरी तारीख दोन-तीन वर्षांच्या आतली असते, एखाद्या चांगल्या सालच्या लॉटला पाच-सहा. मालकांना पहिली तारीख छापायला आवडते, कारण तिनं वाइनची प्रतिष्ठा वाढते. मी दुसरीसाठी भांडते. नातेवाइकांच्या घरी शोकेसमध्ये दिव्याखाली उभ्या केलेल्या आमच्या बाटल्या दिसतात, मुलीच्या लग्नात फोडू म्हणून जपलेल्या. मी त्यांना याच रविवारी उघडायला सांगते. लवकर उघडली तर त्याच लॉटची दुसरी बाटली अजून मिळते. उशीर झाला तर सगळा लॉटच गेलेला असतो.